मार्लहॅमच्या वाळूवरची कनात

मी एक कनात आहे. लग्नाच्या मांडवाला लावतात ती नव्हे. माझ्या आडोशाला कधी पंगत बसली नाही की सनई वाजली नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोकच्या वाळूत, उत्तरेचा वारा अडवायला ठोकतात ती मी. लाल आणि शेवाळी पट्ट्यांचं जाड कापड, त्यात खोवलेले पाच लाकडी दांडे, उंची खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी. सध्या मुक्काम मार्लहॅम गावात, मासे आणि बटाटे तळून विकणाऱ्या दुकानाच्या बाजूला, कचऱ्याच्या पेट्यांपुढे. बोलायला लागलेच आहे तर आधी सांगून टाकते, मला माणसं आवडत नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तुम्हालाही वाटेल की हिचं काही चुकलं नाही.

दुकानांपुढची कापडी छपरं शिवणाऱ्या एका कारखान्यात मी जन्मले. आरामखुर्च्यांसाठी आणलेलं कापड उरलं, त्यातून मला बेतलं. म्हणजे मी मुळातच उरल्यासुरल्याची. मला शिवणारी बाई त्या दिवशी शेजारणीवर भडकलेली होती. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं सकाळपासून चाललं होतं. त्या रागात तिने माझी प्रत्येक शिवण दोनदा घातली. पट्ट्यांचा रंग केव्हाच उडाला, पण शिवण कुठे उसवलेली नाही. प्रेमाने शिवलेल्यांचं काय होतं ते मला ठाऊक नाही.

मला विकत घेतलं कीथने. हा केटरिंग गावचा, बुटांच्या कारखान्यात देखरेखीच्या कामावर. समुद्रावर आलं की माणूस हातपाय सैल सोडतो. कीथ मात्र तिथेही कामावरच आल्यासारखा वागायचा. बोट ओलं करून हवेत धरायचा, वारा कुठून येतो ते ठरवायचा, मग लाकडी हातोड्याने माझे दांडे ठोकायचा. माणसं दोन, पण जागा अडवायचा आठ जणांची. ‘आपली हद्द’ म्हणायचा. त्या हद्दीत बायकोने कुठे बसायचं हेही तोच दाखवायचा. लॉर्ना तिचं नाव. ती दाखवलेल्या जागी बसायची आणि दिवसभर माझ्या पट्ट्यांकडे बघत राहायची, कारण त्या जागेवरून समुद्र दिसायचाच नाही.

इथल्या लोकांची एक खोड मला तेव्हाच कळली. उघड्या किनाऱ्यावर हातभर कापड उभं केलं, की त्यांना वाटतं आपण घरात शिरलो आणि दार लावून घेतलं. मग पंचा गुंडाळून ओले कपडे काय बदलतील, सुनेच्या कागाळ्या काय सांगतील, ऑफिसातल्या भानगडी काय काढतील, काही धरबंध नाही. एरवी हीच माणसं बसमध्ये शेजाऱ्याशी हवेपलीकडे एक शब्द बोलणार नाहीत. कापडाने वारा अडतो, तसा आवाजही अडतो, असा त्यांचा पक्का समज आहे. दर उन्हाळ्यात मी किती घरं मोडताना ऐकली, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

एका हिवाळ्यात अंगणातला बर्फ ओढता ओढता कीथ गेला. मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. गॅरेजमध्ये रंगाचे डबे आणि शिडी यांच्यामध्ये मी पडून होते आणि सुटले एकदाची, असं वाटत होतं. तेवढ्यात त्या दोघी आल्या.

मॅक्सीन आणि हिलरी. लॉर्नाबरोबर बुटांच्या कारखान्यात, खोकी भरायच्या खोलीत ह्या एका टेबलावर कामाला होत्या. कारखाना बंद पडला, मैत्री राहिली, निदान बघणाऱ्याला तसं वाटायचं. कीथला पुरल्यावर त्यांनी ठरवलं की जूनमध्ये लॉर्नाला आठवडाभर मोटारीने हिंडवून आणायचं. निघायच्या दिवशी दारात उभी राहून मॅक्सीन म्हणाली, “आणि ती कनात घे बरं का. ती बरोबर असली की तुला बरं वाटेल.” लॉर्ना म्हणाली, “तुम्हाला हवी असेल तर घेते.” त्या दोन वाक्यांवर माझं पुढचं सगळं आयुष्य गेलं.

मग ते दर जूनला सुरू झालं. गाडी मॅक्सीनची आणि चालवायचीही तीच. पुढे हिलरी, मांडीवर नकाशा घेऊन. मागे लॉर्ना आणि तिच्या खांद्याला टेकून मी, कारण डिकीत मॅक्सीनच्या बॅगांखेरीज कशाला जागा नसायची. पीटरबरो सोडलं की सपाट रानं, कालवे, मैलोन्‌मैल कोबी. मग किंग्ज लिन, आणि त्यानंतर झुडपांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या वाटा, इतक्या चिंचोळ्या की समोरून कुणी आलं तर एकाला मागे जावंच लागतं. हिलरीला जुनी चर्चं बघायची असत, मॅक्सीनला फुलझाडांच्या रोपवाटिका. लॉर्नाला काय हवं ते कुणालाच कळलं नाही, कारण विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “माझं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं.” शेवटचा दिवस मात्र दरवर्षी मार्लहॅमच्या वाळूवर, मला ठोकून.

ह्या बायका कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांचं सगळं वैर सौजन्याने चालायचं. डब्यात शेवटचं बिस्कीट राहिलं की तिघी एकमेकींना आग्रह करायच्या, आणि जी ते घेईल तिच्यावर बाकीच्या दोघी संध्याकाळपर्यंत मनातून जळायच्या. “नको, मी ठीक आहे” याचा अर्थ पुन्हा विचार. पुन्हा नको म्हटलं तर आणखी एकदा विचार. तिसऱ्यांदा विचारलं नाही तर तो अपमान, आणि तो तोंडाने बोलून न दाखवता पुढच्या जूनपर्यंत जपायचा. मागच्या सीटवर बसून मी हे सगळं पाहिलं आणि तिघींचाही मला वीट आला.

तरी लॉर्नाचं अख्खं वर्ष ह्या एका आठवड्यावर टांगलेलं असायचं, हे मला माहीत होतं. मूलबाळ नाही, बहीण लग्न करून ऑस्ट्रेलियात गेलेली. वसंत लागला की ती गॅरेजमध्ये यायची, मला उलगडून झटकायची, दांडे पुसायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. काम काही नसायचं, पण जून जवळ आला याची खात्री करून घ्यायची असायची. ह्या दोघी सुटल्या तर तिला हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

गेल्या वर्षीच्या फेरीत काहीतरी शिजतंय याचा मला पहिल्याच दिवशी वास आला. एका चिंचोळ्या वाटेत समोरून ट्रॅक्टर आला. गाडी मागे घेणं मॅक्सीनला जन्मात जमलेलं नाही. लॉर्ना मागून हळूच म्हणाली, “डावीकडे थोडी जागा आहे बघ.” मॅक्सीन म्हणाली, “थँक्यू, लॉर्ना.” असं थँक्यू कुणी मला म्हटलं असतं तर मी आपणहून फाटले असते. मग तिने बाजूचा आरसा कुंपणात घातला.

नंतर चहाच्या दुकानात त्या दोघी खिडकीपाशी दोन खुर्च्यांच्या टेबलावर जाऊन बसल्या. लॉर्ना दुसऱ्या टेबलाची खुर्ची ओढत आणत होती तोवर हिलरी मॅक्सीनला फोनवर काहीतरी दाखवत होती. निळाशार तलाव आणि पांढरं हॉटेल. लॉर्ना जवळ आली तसा हिलरीने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “काही नाही गं, भाचीचे फोटो.” हे मला कळलं ते संध्याकाळी, कारण लॉर्ना मागच्या सीटवर हे सगळं स्वतःशीच पुटपुटत होती. हिलरीला भाची नाही.

शेवटच्या दिवशी बॅगा गाडीत टाकून तिघी मार्लहॅमला आल्या. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि वारा हाडात शिरत होता. लॉर्नाने कीथच्याच हातोड्याने मला ठोकलं. चिप्स, म्हणजे ते तळलेले बटाटे, आणायची पाळी तिची होती; पाळीच्या बाबतीत ह्या बायका फार काटेकोर. ती वाळूच्या टेकाडापलीकडे दिसेनाशी झाली आणि ह्या दोघी माझ्याआड सरसावून बसल्या.

“तू सांगतेस का मी सांगू?” हिलरीने विचारलं.

“तूच सांग. तुला गोड बोलता येतं.”

“वा गं वा. पुढच्या जूनला दोघींनीच पोर्तुगालला जायची टूम तुझी, आणि वाईटपणा माझ्याकडे.”

“बरं, मग परतीच्या वाटेवर सांगू,” मॅक्सीन म्हणाली. “मोठ्या रस्त्याला लागल्यावर. रडली तरी मागे रडेल, तोंड तरी बघायला नको.”

हिलरीने थर्मासचं झाकण उघडलं. तिला वाईट वाटतंय असं ती म्हणाली, पण एवढं म्हणून ती थांबली नाही. लॉर्नाला काही विचारा, तिचं आपलं ‘माझं काही नाही’. असल्या माणसाबरोबर सुट्टी काढणं म्हणजे ओझं वाहणं, असं तिचं मत पडलं. मग मॅक्सीनची नजर माझ्यावर आली.

“आणि हे धूड. वर्षानुवर्षं ह्या गोठलेल्या किनाऱ्यावर यायचं, का, तर कीथची कनात ठोकायची म्हणून. मला इथे पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही.”

“तुलाही नाही? मी तर तुझ्यासाठी गप्प होते.”

“मी तिच्यासाठी. दर जूनला मेलेल्या माणसाला हवापालट करून आणतोय आपण.”

दोघी खूप हसल्या. आणि लॉर्ना माझ्या पलीकडे उभी होती. अर्ध्या वाटेवरून परत आली होती ती, हिलरीला चिप्सवर व्हिनेगर हवंय का तेवढं विचारायला. तिचा हात माझ्या शेवटच्या दांड्यावर होता. त्या दोघींनी मान जरा वर केली असती तरी दिसली असती, पण घरात बसलेलं माणूस भिंतीपलीकडे कशाला बघेल?

ती आवाज न करता मागे फिरली. बऱ्याच वेळाने टेकाडावरूनच खोकत खोकत आली आणि म्हणाली, “सॉरी हं, रांग मोठी होती.” तीन पुड्या वाटल्या. हिलरीने आपली उघडून पाहिली आणि व्हिनेगर नाही का, म्हणून विचारलं.

“सॉरी,” लॉर्ना म्हणाली. “विचारायचं राहून गेलं.”

तिघी खात बसल्या. मॅक्सीन म्हणाली, किती छान आहे ना इथे. हिलरी म्हणाली, फारच छान. मला त्या क्षणी असा संताप आला की वाऱ्याच्या एका झोताबरोबर दोघींच्या थोबाडावर जाऊन आपटावं. पण दांडे पक्के होते, लॉर्नानेच ठोकलेले.

आणि मग लॉर्नाने पुडी बाजूला ठेवली, उठली आणि पहिला दांडा उपटला.

“अगं, काय करतेस?” मॅक्सीन म्हणाली. “चहा प्यायचाय अजून.”

“प्या की.”

दुसरा दांडा निघाला. वारा आत शिरला आणि वाळू मॅक्सीनच्या चहात पडली. लॉर्ना तिसऱ्या दांड्याशी वाकली होती. पोर्तुगालला असा वारा नसेल, एवढंच ती म्हणाली.

हिलरी म्हणाली, “लॉर्ना, आम्ही तुला सांगणारच होतो.”

“माहितीये. मोठ्या रस्त्याला लागल्यावर.”

तिने चौथा दांडा काढला, पाचवा काढला. दोघी डोळे मिटून, चिप्सवर हात धरून बसल्या होत्या, आणि बसल्या तशाच राहिल्या. लॉर्ना मला गुंडाळायला लागली. “आणि ही कनात,” ती म्हणाली, “मला जन्मात आवडली नाही. हिच्याआड बसलं की समुद्र दिसत नाही. तुम्हाला हवी असते म्हणून मी ओढून आणत होते.”

मला लागलं ते. फार लागलं. इतकी वर्षं उत्तरेचा वारा अंगावर घेतला, आणि आता कळत होतं की मी तिघींपैकी एकीलाही नको होते. कीथ वाईट होता, पण त्याला निदान मी हवी होते. ह्या तिघी एकमेकींचं मन राखण्यासाठी मला उन्हातान्हात नाचवत होत्या, आणि मन तर एकीचंही राखलं गेलं नाही.

लॉर्ना मला खांद्यावर टाकून रस्त्यावर आली. तळणीच्या दुकानासमोरच बसचा थांबा आहे. थोड्या वेळाने मॅक्सीनची गाडी सावकाश येऊन थांबली आणि काच खाली गेली.

“बस आत. उगाच नाटकं नकोत.”

“नको, मी ठीक आहे.”

हिलरी पलीकडून वाकली. “अगं, असं काय करतेस? दोनदा बस बदलायची, मग आगगाडी. रात्र होईल तुला.”

“नको.”

तिसऱ्या वेळेची मी वाट बघत होते. तिसऱ्यांदा विचारलं की लॉर्ना नेहमी विरघळायची, बिस्कीट असो की पुढची सीट. मॅक्सीनलाही ते ठाऊक होतं. ती म्हणाली, “शेवटचं विचारते, येतेस की नाही?”

“नको म्हणजे नको. माझी बॅग तेवढी काढून दे.”

मॅक्सीन उतरली, डिकीतून बॅग काढली, फुटपाथवर ठेवली. “सॉरी,” ती म्हणाली. आणि लॉर्नासुद्धा, सवयीने, “सॉरी” म्हणाली. माफी मागायचं तिला काय कारण होतं ते मला आजतागायत समजलेलं नाही. गाडी गेली. मागच्या काचेतून रिकामी सीट दिसत होती.

बस आली तेव्हा लॉर्नाने एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हातात मी. एक पाय पायरीवर ठेवला आणि थबकली. ड्रायव्हरला जरा थांबा म्हणाली, परत आली आणि मला दुकानाच्या भिंतीला लावून उभं केलं. फेकलं नाही. दोरी सुटली होती ती नीट बांधली, आणि मागे न बघता निघून गेली. त्या वेळी मी तिला खूप शिव्या घातल्या.

दुकानाची मालकीण मँडी. तिने माझे दांडे सिमेंट भरलेल्या बादल्यांत बसवले आणि मला पेट्यांपुढे उभं केलं, गिऱ्हाइकाला कचरा दिसू नये म्हणून. आता माझ्या एका अंगाला तेलाचा वास, दुसऱ्या अंगाला समुद्रपक्ष्यांची शीट. मँडी आणि तिच्या हाताखालची रोंडा माझ्याआड सिगारेट ओढायला येतात आणि समोर बाकड्यावर खात बसलेल्या गिऱ्हाइकांची यथेच्छ निंदा करतात. खोड तीच. फक्त वाळूच्या जागी डांबर आलं.

यंदा जूनमध्ये लॉर्ना आली. एकटी, बसने. पहिल्या दिवशी मला बघून ती क्षणभर थांबली, ओळखलं, आणि पुडी घेऊन समोरच्या बुटक्या कठड्यावर जाऊन बसली. तोंड वाऱ्याकडे, केस विस्कटलेले, डोळ्यांना पाणी. पण समुद्र समोर होता आणि तो ती बघत होती. दुसऱ्या दिवशी तेच. मी मनात म्हटलं, बघते आहे मी, थंडीने गारठतेस, गारठ. पण ती उठून जाईपर्यंत माझं सगळं लक्ष तिच्याकडे असायचं, हे कशाला नाकारू?

तिसऱ्या दिवशी मँडी आणि रोंडा माझ्याआड उभ्या नव्हत्या, दुधाच्या रिकाम्या पेट्या पालथ्या घालून बसल्या होत्या.

“ती म्हातारी आज पण आली बघ,” रोंडा म्हणाली. “एकटीच. आणि खायचे लाकडी काटे दोन मागते, पाहिलंस? चिप्स एक, काटे दोन.”

“नवऱ्यासाठी घेत असेल. गेलेला असेल तो.”

“नाहीतर कुणी येते म्हणून सांगून आलं नसेल. रोज दुसरा काटा घेऊन वाट बघायची. बिचारी.”

दोघी फिसकन हसल्या. लॉर्ना रिकामा कागद कचऱ्याच्या पेटीत टाकायला आली होती. माझ्या पलीकडे, हातभर अंतरावर. तिचा हात माझ्या शेवटच्या दांड्यावर आला, अगदी त्याच जागी. मला वाटलं, झालं, आता ही मागे सरकणार, लांब जाऊन खोकणार, सॉरी म्हणत पुन्हा येणार. वाळूवर तिने तेच केलं होतं आणि जन्मभर तेच करत आली होती.

“मला ऐकू येतंय,” लॉर्ना म्हणाली.

आतलं हसणं बंद पडलं.

“कापड आहे हे. पलीकडचं सगळं ऐकू येतं.” ती मागे सरकली नाही. “आणि दुसरा काटा कुणासाठी नसतो. तुमचा पहिला मोडतो.”

आतून मँडी सॉरी म्हणाली, रोंडाही म्हणाली. बाहेरून मात्र कुणी सॉरी म्हणालं नाही. लॉर्नाने माझ्यावरून हात घालून कागद पेटीत टाकला, त्यावर दोन काटे टाकले, एक मोडलेला आणि एक धड. मग ती रस्ता ओलांडून टेकाडावरून वाळूत उतरली आणि माझ्या नजरेआड गेली.

मला परत वाळूत न्या, असं मी कुणाला म्हणणार नाही. लॉर्नाला मी नको आहे आणि तिचं बरोबर आहे. माणसंही मला अजून आवडत नाहीत, ती तिघींपैकी एकीपुरती जरा कमी नावडती झाली, एवढंच. तुम्ही कधी इकडे आलात आणि माझ्यासारखीच्या आडोशाला बसून कुणाबद्दल बोलायची हुक्की आली, तर आधी एकदा उठून पलीकडे बघा. उभं राहिलं की सगळं दिसतं, मी काही फार उंच नाही.